'जमेल ना?' असा फोन येण्याआधी: फ्लाइट डिस्पॅचमधला दबाव आणि सुरक्षिततेचे निर्णय

डिस्पॅचर म्हणजे विमान कंपनीत जमिनीवर बसून उड्डाणाचं नियोजन करणारा आणि ते सोडण्यावर सही करणारा माणूस. त्याच्यावरचा दबाव हुकूम म्हणून क्वचितच येतो. 'नियम मोड आणि विमान सोड' असं कुठलाही मॅनेजर रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवर म्हणत नाही. फोन येतो तो असा: "एवढं जादा इंधन कशासाठी?", "शेजारच्या कंपनीचं तर गेलं, आपलं का अडलंय?", "तासाभरात उघडेल ना मुंबई? मग जमेल ना?" प्रश्नाच्या पोटातच अपेक्षित उत्तर असतं. त्या वेळी डिस्पॅचरच्या पडद्यावर सात-आठ फ्लाइट्स उघड्या असतात आणि एखाद्या कॅप्टनचा निरोप उत्तराची वाट पाहत असतो. अशा क्षणी नव्याने विचार करायला बसलं की निर्णय फोन करणाऱ्याच्या बाजूने झुकतो. याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. डोकं थकलेलं असताना 'हो' म्हणणं सोपं असतं, इतकंच.

म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीसाठी आहेत: फोन वाजण्याआधी आकडा ठरलेला आणि लिहिलेला असावा.

आधी मॅन्युअलचं ते पान काढा

अधिकार नेमका किती, हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच वाक्याला माघार घेतो. अमेरिकेत हे नियमातच स्पष्ट आहे. तिथल्या विमान कंपन्यांच्या देशांतर्गत उड्डाणांना लागू असलेल्या १२१.५३३ या नियमानुसार उड्डाणाचं नियोजन, विलंब आणि डिस्पॅच रिलीज (उड्डाण सोडण्याची परवानगी) यांची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांची संयुक्त असते. उड्डाण सुरक्षितपणे होऊ शकत नाही असं दोघांपैकी एकाचं जरी मत पडलं, तरी ते रद्द करण्याची किंवा नव्याने डिस्पॅच करण्याची जबाबदारी डिस्पॅचरवर येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अ‍ॅनेक्स ६ची भाषा मवाळ आहे. डिस्पॅचरने कॅप्टनला तयारीत मदत करायची, लागेल ती माहिती द्यायची आणि उड्डाण सुरू असतानाही ती पुरवत राहायची, असं त्यात म्हटलं आहे. भारतात डिस्पॅचरला डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनुसार मान्यता लागते, पण अंतिम शब्द कमांडरचाच, म्हणजे कॅप्टनचाच असतो.

रोजच्या कामात खरा उपयोग होतो तो आपल्या कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलच्या 'ए' भागाचा. त्यातलं ऑपरेशनल कंट्रोलचं प्रकरण उघडा आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. फ्लाइट थांबवण्याचा अधिकार कोणकोणत्या पदांना आहे? डिस्पॅचरचा निर्णय कोण बदलू शकतो आणि तो लेखी बदलावा लागतो का? कॅप्टन आणि डिस्पॅचरचं जमलं नाही तर पुढे काय? कलमांचे क्रमांक एका कार्डावर लिहून डेस्कवर ठेवा. मतभेदात दोघांपैकी जास्त सावध निर्णय टिकेल, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तर ते लिहून घेण्यासाठी सेफ्टी विभागाकडे प्रस्ताव पाठवा, तोही कोरड्या ऋतूत. जुलैच्या ऐन पावसात असल्या प्रस्तावाला कोणी हात लावत नाही.

शिफ्टची पहिली वीस मिनिटं

हँडओव्हर झाल्यावर, पहिल्या फोनच्या आधी, त्या दिवसाचे उंबरठे, म्हणजे ओलांडले की निर्णय बदलायचा अशा मर्यादा, लिहायचे. उदाहरणासाठी जुलैतली संध्याकाळ, दिल्ली–मुंबई, विमान ए-३२० निओ घेऊ. आकडे ढोबळ आहेत. टॅक्सी, म्हणजे जमिनीवर फिरण्याचं इंधन, २०० किलो. ट्रिप, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासाचं, ४,२००. कंटिन्जन्सी, म्हणजे अनपेक्षित खर्चासाठीचं, ट्रिपच्या ५ टक्के म्हणजे २१०. ऑल्टरनेट, म्हणजे मुंबईत उतरता आलं नाही तर जायचं विमानतळ, अहमदाबाद; तिथवरचं १,६००. फायनल रिझर्व्ह, म्हणजे शेवटचा राखीव साठा: १,५०० फुटांवर ३० मिनिटांचं होल्डिंग (आकाशात घिरट्या घालत थांबणं), १,१५०. एकूण ७,३६० किलो, आणि हे झालं किमान.

आता टाफमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अंदाजात, पोहोचण्याच्या वेळेभोवती 'टेम्पो' (तात्पुरता) गडगडाटी पाऊस आणि १,५०० मीटर दृश्यता दिसते आहे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या दोन स्वतंत्र धावपट्ट्यांसारख्या वापरता येत नाहीत. एक सर कोसळली की आकाशात रांग लागते. अशा वेळी ३० मिनिटांचं होल्डिंग धरणं वाजवी आहे. मिनिटाला ४० किलोप्रमाणे ते १,२०० किलो होतं आणि एकूण आकडा ८,५६० वर जातो.

'एवढं जादा कशासाठी?' याचं उत्तर इथेच तयार ठेवा. जादा इंधन वाहून नेण्यासाठी दर तासाला त्याच्या वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के इंधन जळतं. पावणेदोन तासांच्या उड्डाणात १,२०० किलोंसाठी ६० ते ८५ किलो. याउलट एक डायव्हर्जन झालं, म्हणजे विमान दुसरीकडे वळवावं लागलं, तर अहमदाबादपर्यंतचे १,६०० किलो, परतीचे जवळपास तेवढेच, लँडिंग आणि पार्किंगचे पैसे, क्रूची ड्यूटी संपत आलेली आणि पुढचे दोन सेक्टर (उड्डाणं) कोलमडलेले. ओएफपीच्या, म्हणजे उड्डाणाच्या नियोजन पत्रकाच्या, शेऱ्यात हे दोन ओळींत लिहिलं की प्रश्न विचारणारा आकड्याशी बोलतो, तुमच्याशी नाही.

पण जादा इंधनाला कारण लागतंच. 'पावसाळा आहे' हे कारण होत नाही. 'पोहोचण्याच्या वेळेला टेम्पो टीएस, सध्या होल्डिंग २५ मिनिटं' (टीएस म्हणजे गडगडाटी वादळ) हे कारण झालं. उगाच भरलेल्या इंधनाने लँडिंग वजन वाढतं आणि ओल्या धावपट्टीवर ते वजन तुमच्या विरोधात जातं. प्रत्येक फ्लाइटला डोळे मिटून एक टन भरणाऱ्या डिस्पॅचरचं, खरी गरज असते त्या दिवशीही कोणी ऐकत नाही.

ऑल्टरनेट निवडताना दोन गोष्टी नेहमी निसटतात. मुंबई आणि अहमदाबाद कधीकधी एकाच हवामान प्रणालीखाली असतात. तसं असेल तर दुसरं ऑल्टरनेट नागपूर किंवा हैदराबाद धरावं, भले त्याला जास्त इंधन लागो. दुसरी गोष्ट पार्किंगची. मुंबई बंद झाली की सगळ्याच कंपन्या अहमदाबादकडे वळतात आणि तिथली जागा भरते. शिफ्टच्या सुरुवातीलाच नोटॅम (विमानतळांबद्दलच्या ताज्या सूचना) पाहून तिथल्या स्टेशनला एक फोन करायचा. १८ ऑगस्ट २०१५ रोजी दोहाहून कोचीला आलेलं एक बोइंग ७३७ तिथे उतरू शकलं नाही म्हणून तिरुवनंतपुरमला वळलं. तिथेही दृश्यता खराब होती. दोन्ही ठिकाणचे मिळून सातव्या प्रयत्नात ते उतरलं, तेव्हा टाकीत धोकादायक इतकं कमी इंधन उरलं होतं. जवळचं ऑल्टरनेट आणि चालू असलेलं ऑल्टरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग उंबरठे. उदाहरणार्थ: 'मुंबईचं होल्डिंग ४० मिनिटांवर गेलं की दिल्लीतून निघायची फ्लाइट दिल्लीतच थांबेल.' 'अहमदाबादचा टाफ ऑल्टरनेटच्या प्लॅनिंग मिनिमाच्या (नियोजनासाठी लागणाऱ्या किमान हवामानाच्या) खाली गेला की नागपूर.' 'मोठी धावपट्टी बंद झाली की लँडिंग अंतर पुन्हा काढायचं.' शेवटचं वाक्य उगीच नाही. १ जुलै २०१९ रोजी जयपूरहून आलेलं एक विमान मुंबईत मुख्य धावपट्टीच्या पुढे घसरलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. उरली १४/३२, सुमारे २,९०० मीटरची. डिस्पॅचच्या वेळी जेट विमानासाठी कोरड्या धावपट्टीवर १.६७ आणि ओल्या धावपट्टीवर १.९२ हा गुणक लावला जातो. म्हणजे २,९०० मीटर ओल्या पट्टीवर विमानाचं मोजलेलं लँडिंग अंतर सुमारे १,५०० मीटरच्या आत बसायला हवं. 'आधी उतरत होती, आताही उतरेल' असं म्हणून हे गणित टळत नाही.

हे सगळं लॉगमध्ये वेळेसकट लिहा, आणि वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). भारतात पहाटे साडेपाचला यूटीसीची तारीख बदलते. रात्रपाळीच्या नोंदींमधला हा गोंधळ चौकशीत फार महाग पडतो.

फ्लाइटच्या शेपटीला काय बांधलंय?

हा रकाना कुठल्याही फॉर्मवर नसतो. तो स्वतःच जोडून घ्यावा. ही फ्लाइट वेळेत पोहोचली नाही तर नक्की काय अडणार आहे? उद्या सकाळचा कॅप्टन, विमानाची तपासणी, की कनेक्शनचे प्रवासी? दबाव कुठून येईल ते या उत्तरातून आधीच कळतं.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेलं विमान कोझिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून खाली गेलं आणि २१ जण मृत्युमुखी पडले. पाऊस पडत होता, सुमारे १४ नॉटचा, मागून येणारा वारा होता, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर तिच्या सुरुवातीपासून ४,४३८ फूट पुढे टेकलं. विमान अपघात तपास विभागाच्या अहवालात आणखी एक मुद्दा आहे, आणि तो प्रत्येक ओसीसीत (ऑपरेशन्स कंट्रोल केंद्रात) मोठ्या अक्षरांत लावण्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट त्याच कॅप्टनकडे होती. कोझिकोडला पुरेसे कॅप्टन नव्हते, कारण तळांवर कॅप्टन नेमताना कंपनीच्या मनुष्यबळ धोरणात कामाची गरज धरलेलीच नव्हती. तिथेच उतरण्याच्या ओढीमागे हे कारण असल्याचं अहवाल सांगतो. त्यासाठी कोणी कॅप्टनला फोन करून 'उतरच' असं सांगायची गरज नव्हती. रोस्टरनेच ते सांगितलं होतं.

डिस्पॅचर रोस्टर बदलू शकत नाही, पण ओझं हलकं करू शकतो. सकाळच्या फ्लाइटसाठी दुसरा क्रू आहे का, हे क्रू कंट्रोलला विमान हवेत असतानाच विचारा आणि उत्तर एकार्सवरून (विमानाला लेखी संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेवरून) कॅप्टनला कळवा: 'उद्याच्या सेक्टरची सोय झाली आहे, डायव्हर्जनला ऑपरेशन्सची हरकत नाही.' या एका ओळीने कॉकपिटमधलं ओझं उतरतं.

एमईएल: एकेक वस्तू चालते, सगळ्या मिळून चालतात का?

बिघडलेल्या वस्तूसह किती दिवस उडता येतं हे एमईएल, म्हणजे किमान उपकरणांची यादी, ठरवते. 'बी' गटाला ३ दिवस, 'सी'ला १०, 'डी'ला १२०, बिघाड सापडला तो दिवस सोडून. 'ए' गटाची मुदत त्या त्या वस्तूसमोर लिहिलेली असते. दबाव येतो तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी आणि दोन वस्तू एकत्र आल्यावर. वायपर बंद आणि मुक्कामाला पाऊस. एक पॅक (वातानुकूलन आणि हवेच्या दाबाचं यंत्र) बंद म्हणून उंची मर्यादित, आणि त्याच उंचीवर वाटेत ढगांची भिंत. रिव्हर्सर (उतरल्यावर इंजिनाचा जोर उलटा वळवणारी यंत्रणा) बंद आणि पट्टी ओली. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे एमईएलमध्ये बसते, आणि 'बसतंय ना, मग?' हे वाक्य इथेच ऐकू येतं.

पद्धत अशी ठेवा. प्रत्येक खुल्या एमईएल वस्तूसमोर 'आजच्या या मार्गावर हिचा परिणाम कशावर?' हे एका शब्दात लिहा: उंची, इंधन, लँडिंग अंतर, दृश्यता, हवामान टाळणं. एकच शब्द दोनदा आला की थांबायचं, मेंटेनन्स कंट्रोल आणि कॅप्टनला एकाच कॉलवर घ्यायचं. कार्यपद्धतीचा, म्हणजे 'ओ' खुणेचा भाग कॅप्टनच्या ब्रीफिंगमध्ये शब्दशः गेला आहे का, हेही तपासा. तो वगळला जाणं ही फार नेहमीची चूक आहे.

फोन आला की

पहिलं वाक्य नेहमी आकड्याचं, मताचं नाही. "मला ठीक वाटत नाही, सर" म्हटलं की चर्चा तुमच्या वाटण्यावर येते, आणि तिथे अनुभव आणि पद जिंकतं. त्याऐवजी: "सर, पोहोचण्याच्या वेळेला दृश्यता १,५०० आहे, होल्डिंग ४५ मिनिटं आहे. शिफ्टच्या सुरुवातीला आपण ४० ही मर्यादा लिहिली आहे."

तरीही रेटा आला तर परिणाम सांगा: "आता सोडलं तर मुंबईवर पोहोचून अहमदाबादला जाईल. तिथे जागा नाही, मी विचारलंय." मग पर्याय द्या, कारण नुसता नकार दिला की मॅनेजरला पुढे फक्त तुम्हालाच ढकलता येतं. "१,५०० किलो माल उतरवला तर नागपूरला पुरेल इतकं इंधन घेऊन आत्ताच निघता येईल. नाहीतर ५० मिनिटांनी पुन्हा बघू." बहुतेक फोन इथे संपतात. मॅनेजरला वरच्या माणसाला सांगायला काहीतरी हवं असतं, ते त्याला मिळतं.

संपला नाही तर शेवटचं वाक्य, आवाज न चढवता: "या आकड्यांवर माझी सही होणार नाही. आपला निर्णय वेगळा असेल तर लॉगमध्ये किंवा मेलवर लिहून पाठवा, मी तो ऑपरेशन्स प्रमुखांना आणि सेफ्टीला कळवतो." लेखी मागितलं की आग्रह बऱ्याचदा मावळतो, कारण तोंडी 'जमेल ना?' म्हणणं आणि खाली नाव घालणं यात फार अंतर आहे.

'शेजारच्या कंपनीचं गेलं' याचं उत्तर वेगळं द्यावं लागतं. त्यांचं विमान कुठलं, इंधन किती, ऑल्टरनेट कोणतं, हे आपल्याला दिसत नाही. कदाचित ते दीड तास होल्ड करायच्या तयारीने निघाले असतील. "त्यांचं इंधन माहीत नाही, आपलं हे आहे" एवढं पुरे.

आणि कॅप्टनला ढाल करू नका. "कॅप्टनच ऐकत नाहीयेत" असं सांगून स्वतः सुटणारा डिस्पॅचर पुढच्या वेळी कॅप्टनचाही विश्वास गमावतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे: 'कॅप्टन तयार आहेत' म्हणून डिस्पॅचरचा आक्षेप संपत नाही. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी बोलिव्हियातल्या सांता क्रूझहून कोलंबियातल्या मेडेयीनला निघालेल्या चार्टर विमानाच्या फ्लाइट प्लॅनवर उड्डाणाचा वेळ ४ तास २२ मिनिटं होता आणि इंधन पुरण्याचा वेळही ४ तास २२ मिनिटं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यावर बोट ठेवल्याचं नंतर समोर आलं. त्यावर 'कमी वेळात पोहोचू' असं उत्तर मिळालं होतं. इंधन संपून विमान कोसळलं, ७७ पैकी ७१ जण गेले, कंपनीचा स्वतःचा डिस्पॅचरही त्यातच होता.

दुसऱ्याकडून सही

एका डिस्पॅचरने नकार दिला की फ्लाइट गुपचूप दुसऱ्या डेस्कवर सरकवली जाते. हा प्रकार कंपन्यांमध्ये चालतो, आणि तो कुठल्याही उघड दमदाटीपेक्षा जास्त धोकादायक आहे. नवीन माणसाला आधीच्या नकाराचा पत्ताच नसतो. उपाय सोपा आहे. नकार दिल्याबरोबर त्या फ्लाइटच्या रेकॉर्डमध्ये नोंद करा: वेळ, तपासलेला मेटार (सध्याच्या हवामानाची नोंद) आणि टाफ, कमी पडलेला आकडा, सुचवलेले पर्याय. फ्लाइट ज्याच्याकडे जाईल त्याला स्वतः सांगा. दुसरा डिस्पॅचर नव्या माहितीवर वेगळा निर्णय घेऊ शकतो, त्यात गैर काही नाही. पण काय बदललं, हे त्याने त्याच नोंदीखाली लिहायचं. काहीच बदललेलं नसेल तर ते लिहितानाच त्याच्या लक्षात येतं.

विमान हवेत असताना

इथे वेळ फार थोडा असतो, म्हणून आकडा निघण्याआधीच पाठवलेला असावा. वरच्या उदाहरणात मुंबई सोडून अहमदाबादला निघण्याचा आकडा १,६०० अधिक १,१५०, म्हणजे २,७५० किलो. कंटिन्जन्सी वापरली गेली नाही तर विमान मुंबईवर सुमारे ४,१६० किलोंनी पोहोचेल. मधले १,४१० किलो, मिनिटाला ४० प्रमाणे, ३५ मिनिटांचे. एकदा उतरण्याचा प्रयत्न करून गो-अराउंड झाला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावं लागलं, की त्यातला मोठा भाग तिथेच जातो. डायव्हर्जनचा आकडा गाठायला दहा मिनिटं उरली की ताजा मेटार, रांगेची स्थिती आणि अहमदाबादची जागा कॅप्टनला कळवायची. मत नको, माहिती. कॉकपिटशी बोलण्याची वाट एकच असावी, ती डिस्पॅचमार्गे. मॅनेजरने स्टेशनच्या रेडिओवरून परस्पर 'अजून दहा मिनिटं थांबा' सांगणं ताबडतोब थांबवायला हवं.

'आपलं स्टेशन आहे तिथेच जा' हा या टप्प्यावरचा नेहमीचा आग्रह. प्रवाशांची सोय, इंजिनिअर, शिडी हे सगळे मुद्दे खरे आहेत, पण ते इंधनाच्या आकड्यानंतर येतात.

शब्दही नेमके लागतात. ठरलेल्या विमानतळावरच उतरावं लागेल आणि आणखी उशीर झाला तर फायनल रिझर्व्हला हात लागू शकतो, अशी वेळ आली की 'मिनिमम फ्युएल'. फायनल रिझर्व्हच्या खाली उतरणं अटळ दिसलं की 'मेडे फ्युएल'. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ बोगोटाहून आलेलं आव्हियांकाचं विमान इंधन संपून पडलं. ७३ जण गेले. क्रूने 'प्राधान्य' मागितलं, 'इंधन संपतंय' असंही सांगितलं, पण आणीबाणी जाहीर केली नाही. अमेरिकी तपासात आणखी एक गोष्ट नोंदवली गेली: क्रूने कंपनीच्या डिस्पॅच यंत्रणेची मदत वापरलीच नाही. म्हणून कॅप्टन गप्प असेल तर डिस्पॅचरने विचारावं: 'मिनिमम फ्युएल जाहीर केलं का?'

नंतरची नोंद, आणि मॅनेजरांसाठी थोडं

दबाव जाणवला तर शिफ्ट संपण्याआधी सेफ्टी रिपोर्ट भरा, फ्लाइट सुखरूप उतरली असली तरी. 'मॅनेजरने त्रास दिला' असं लिहू नका. लिहा: '१३४० यूटीसी, ड्यूटी मॅनेजरकडून फोन, होल्डिंग ४५ मिनिटं असताना रिलीजची विचारणा, तिसऱ्यांदा.' अ‍ॅनेक्स १९मध्ये स्वेच्छेने दिलेल्या सुरक्षा माहितीला संरक्षण देण्याची तरतूद आहे. रिपोर्टची प्रत आणि क्रमांक स्वतःकडे ठेवा. एका रिपोर्टने काही हलत नाही, पण एकाच मार्गाचे, एकाच वेळेचे पाच रिपोर्ट झाले की वेळापत्रकातच दोष आहे हे दिसायला लागतं.

मॅनेजरांनी करण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे डिस्पॅचरवार जादा इंधनाची यादी भिंतीवरून काढणं. तीच यादी हवामान आणि मार्गानुसार लावली तर तिचा उपयोग होतो. नावांनिशी लावली तर ती मुकी दमदाटी ठरते, आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांचे आकडे एकसारखे गोड दिसू लागतात. डिस्पॅचरला फोन करायचाच असेल तर निघण्याच्या शेवटच्या पाऊण तासात करू नये, आणि केला तर रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवर. रात्रीच्या शिफ्टला किती फ्लाइट्स एका माणसाकडे आहेत, हे ओटीपीच्या, म्हणजे वेळेवर धावलेल्या फ्लाइट्सच्या, आकड्याशेजारी छापावं. अमेरिकेत डिस्पॅचरची ड्यूटी सलग १० तासांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. आपल्याकडे मॅन्युअलमध्ये जी मर्यादा असेल ती पावसाळ्यात एक तासाने ओलांडली जाते, आणि तो तास नेमका हँडओव्हरचा असतो.

हँडओव्हरमध्ये नकार दिलेल्या आणि उंबरठ्याच्या जवळ असलेल्या फ्लाइट्स आधी, बाकीच्या नंतर. पुढच्या डिस्पॅचरने त्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, टाफ स्वतः उघडून पाहावा, आणि मगच आधीच्याने हेडसेट काढावा.